व्यालेल्या गाईच्या अंगांतील शक्तीचा कारभार

गाय व्याल्यानंतर पंधरा-वीस दिवसांत एक गोष्ट दूधदुभत्याचा धंदा करणाऱ्या बहुतेक शेतकऱ्यांच्या दृष्टीस पडते. दूध दिवसेंदिवस चढत असतें, गव्हाणींत वैरण भरलेली असते, आंबोणांत कसूर झालेली नसते. तरीहि गाईच्या कमरेचीं हाडें वर येऊं लागतात आणि बरगड्या लांबून मोजतां येतात. पुष्कळ गाई ह्या स्थितींतून महिन्या-दोन महिन्यांत आपोआप सावरतात. कांहीं मात्र सावरत नाहींत. त्या प्रथम आंबोण हुंगून तोंड फिरवितात, मग नुसता कडबा चघळीत उभ्या राहतात. शेण कोरडें व घट्ट पडतें, दूध एकाएकीं उतरतें, आणि जवळ गेलें असतां श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा गोडसर वास येतो. घरांत कोणी दृष्ट काढतें, कोणी वैरण बदलतें. पशुवैद्यकांत ह्या विकारास कीटोसिस असें नांव आहे. त्यानें गाय सहसा मरत नाहीं. परंतु ऐन भरांत मोडलेलें दूध त्या वेतांत पुन्हां पुरतें भरून येत नाहीं, गाय माजावर उशिरां येते, आणि औषधाचा खर्च वेगळाच. संकरित गाय कर्ज काढून घेतलेल्या कुटुंबास हा तोटा लहान नव्हे.

गाय पोटभर खात असतांहि तिचें अंग कां झडतें, आणि झडतां झडतां कांहीं गाई आजारी कां पडतात, हें समजण्यास तिच्या शरीरांतील शक्तीचा कारभार कोणाच्या हुकुमानें चालतो तें पाहिलें पाहिजे. हा हुकूम रक्तांतून वाहणाऱ्या कांहीं सूक्ष्म द्रव्यांचा असतो. शरीरांतील कांहीं ग्रंथि आपला स्राव नळीवाटें बाहेर न सोडतां थेट रक्तांत मिसळूं देतात. त्या स्रावांतील कार्यकारी द्रव्यांना हार्मोन किंवा संप्रेरकें म्हणतात. हार्मोन हा शब्द लंडन येथील शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग ह्यानें १९०५ सालीं प्रचारांत आणिला. त्यापूर्वीं १९०२ सालीं त्यानें व विल्यम बेलिस ह्यानें आंतड्याच्या अस्तरांतून निघणारें सिक्रेटिन नांवाचें संप्रेरक दाखवून दिलें होतें. रक्तांत ह्या द्रव्यांचें प्रमाण इतकें अल्प असतें कीं, साध्या तराजूचें तेथें काम नाहीं. पण सनदेवरील एका सहीनें जशी सबंध गांवची जमीन इकडची तिकडे होते, तसा ह्या अत्यल्प द्रव्यानें सबंध शरीराचा व्यवहार फिरतो.

ह्या द्रव्यांपैकीं आपल्या विषयास सर्वांत जवळचें तें इन्शुलिन. तें स्वादुपिंड नांवाच्या, जठराच्या मागें असलेल्या ग्रंथींत तयार होतें. कानडांतील टोरांटो येथें फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट ह्यांनीं १९२१ सालीं तें वेगळें काढण्याचे प्रयोग केले. मॅक्लाउड ह्यांच्या प्रयोगशाळेंत तें काम झालें आणि कॉलिप ह्यांनीं तें द्रव्य टोंचून घालण्याइतकें शुद्ध केलें. जानेवारी १९२२ मध्यें तें प्रथम एका मधुमेही मुलास टोंचण्यांत आलें. १९२३ चें नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लाउड ह्यांना मिळालें. आपल्या वाचकांना कौतुक वाटावें अशी गोष्ट ही कीं, बँटिंग हा एका शेतकऱ्याचा मुलगा होता; ऑन्टेरियो प्रांतांतील अ‍ॅलिस्टन गांवाजवळच्या शेतावर त्याचा जन्म झाला. आणि पुढें साठ वर्षें जगांतील मधुमेही माणसें ज्या इन्शुलिनावर जगलीं, तें बहुतांशीं गाईबैलांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढलेलें असे. गाईचें इन्शुलिन व माणसाचें इन्शुलिन ह्यांच्या एक्कावन्न घटकांपैकीं केवळ तीन भिन्न आहेत. तेव्हां पुढें जें सांगावयाचें तें गाईसंबंधीं असलें, तरी त्यांतील बरेंचसें घरच्या माणसांसहि लागू आहे.

आतां शक्ति ही कोठें व कशी उत्पन्न होते तें थोडक्यांत पाहूं. शरीर हें असंख्य पेशींचें बनलेलें आहे. बहुतेक प्रकारच्या पेशींत तंतुकणिका नांवाचे अतिसूक्ष्म कण असतात. त्यांना पेशींतल्या चुली म्हणण्यास हरकत नाहीं. ह्या चुलींत शर्करेचें किंवा चरबीचें सरपण प्राणवायूच्या साहाय्यानें जळतें. पण ज्वाळा निघत नाहीं, कारण तें पायरीपायरीनें जळतें, आणि निघालेली शक्ति एटीपी नांवाच्या द्रव्यांत सांठविली जाते. शंभराची नोट घेऊन भाजीबाजारांत गेल्यास आधीं मोड करावी लागते. तशी शर्करा व चरबी ह्या मोठ्या नोटा असून एटीपी ही मोड होय. स्नायूचें आकुंचन असो कीं कासेंत दूध बनविणें असो, पेशी सर्व खर्च ह्या मोडींतच करिते. हें द्रव्य १९२९ सालीं जर्मनींत कार्ल लोमान ह्यानें शोधलें. त्याच सुमारास अमेरिकेंत हार्वर्ड येथें सायरस फिस्क ह्याच्याबरोबर काम करणाऱ्या येल्लाप्रगड सुब्बाराव ह्या आंध्रांतील भीमावरमच्या संशोधकानेंहि तेंच स्वतंत्रपणें वेगळें केलें होतें. त्यांचें नांव आपल्याकडे व्हावें तितकें झालें नाहीं.

माणसाचें व गाईचें खरें अंतर येथून पुढें सुरू होतें. आपण भाकरी खाल्ली म्हणजे तींतील पिठूळ पदार्थाची आंतड्यांत द्राक्षशर्करा होऊन ती सरळ रक्तांत उतरते. गाईचें तसें नाहीं. तिनें खाल्लेलें गवत, मका, गूळ, सर्व कांहीं प्रथम कोठीपोटांत जातें, आणि तेथें कोट्यवधि जंतु तें आंबवितात. शर्करा जंतूच खातात. गाईच्या वांट्यास त्यांनीं टाकलेलीं आम्लें येतात: अ‍ॅसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक. गाईच्या एकंदर शक्तीपैकीं सुमारें सत्तर टक्के ह्या आम्लांपासून मिळते. पण आंतड्यांतून तयार द्राक्षशर्करा तिला फारच थोडी लाभते. तिला लागणारी शर्करा तिचें यकृत स्वतः घडवितें, आणि तिचा मुख्य कच्चा माल म्हणजे प्रोपिऑनिक आम्ल.

ही शर्करा किती लागते? दुधांत शेंकडा सुमारें पावणेपांच भाग दुग्धशर्करा असते, आणि ती कासेंत द्राक्षशर्करेपासूनच बनते. एक लिटर दूध बनविण्यास सुमारें ७२ ग्रॅम द्राक्षशर्करा लागते असा हिशेब आहे. म्हणजे रोज २० लिटर दूध देणाऱ्या गाईच्या कासेला जवळजवळ दीड किलो शर्करा रोज पुरविली पाहिजे. आतां गंमत अशी कीं, गाईच्या सबंध अंगांतील रक्तांत कोणत्याहि एका क्षणीं असलेली शर्करा सुमारें वीस ग्रॅम, म्हणजे चहाच्या चार-पांच चमच्यांइतकीच असते. विहिरींत पाणी हातभर, आणि मोट अहोरात्र चालू! झरा क्षणभर आटला तरी मोट कोरडी पडावयाची. हा झरा म्हणजे यकृत. शिवाय दुग्धशर्करा कासेंत आपल्याबरोबर पाणी ओढून घेते, म्हणून दुधाचें मापच तिच्या प्रमाणावर ठरतें. शर्करा कमी पडली कीं दूध कमी होतें. पाणी पाजून तें वाढत नाहीं.

बरें, एवढी शर्करा कासेकडेच कशी जाते? स्नायु, चरबी, मेंदु हे सारे तिचे वांटेकरी आहेतच. ह्याचें उत्तर पेशीच्या दारांत आहे. द्राक्षशर्करा पेशीच्या आवरणांतून आपोआप आंत शिरूं शकत नाहीं. तिला आंत घेणारे वाहक आवरणांत बसविलेले असावे लागतात. स्नायूच्या व चरबीच्या पेशींत हे वाहक एरवीं आंतल्या बाजूस लहान लहान पिशव्यांत ठेवलेले असतात. इन्शुलिन रक्तांतून येऊन पेशीच्या बाहेरील ग्राहकाला चिकटलें कीं आंत एकामागून एक निरोप जातात आणि त्या पिशव्या वर येऊन वाहक दारांत उभे राहतात. मग शर्करा आंत जाते. इन्शुलिन उतरलें कीं वाहक पुन्हां आंत ओढले जातात. कासेच्या दूध बनविणाऱ्या पेशींचे वाहक मात्र निराळ्या जातीचे असून ते सदैव दारांतच उभे असतात. त्यांना इन्शुलिनाच्या परवानगीची गरज नाहीं. म्हणून रक्तांतील इन्शुलिन कमी झालें म्हणजे स्नायूंचीं व चरबीचीं दारें बंद होतात, कासेचें दार उघडें राहतें, आणि उपलब्ध शर्करा कासेकडे लोटते.

गाय व्याल्यानंतर नेमकें हेंच घडतें. इन्शुलिनाची पातळी उतरते, आणि मेंदूच्या तळाशीं असलेल्या पीयूषिका ग्रंथीचें वृद्धि-संप्रेरक चढतें. हें संप्रेरक वासराच्या अंगीं वाढ करितें, परंतु दुभत्या गाईच्या अंगीं तें स्नायूंना व चरबीला इन्शुलिनाच्या हुकुमाकडे दुर्लक्ष करावयास लावतें. त्यामुळें सांठलेली चरबी सुटी होते आणि यकृतांत शर्करा घडविण्याचें काम नेटानें चालतें. रशियांत आसिमोव्ह व क्रूझे ह्यांनीं १९३७ सालीं पीयूषिकेचा अर्क टोंचून गाईंचें दूध वाढतें हें दाखविलें होतें. पुढें १९८० सालीं अमेरिकेंतील डेल बॉमन व ब्रूस करी ह्यांनीं ह्या सर्व घडामोडींचा अर्थ एका सूत्रांत मांडला. त्यांचें म्हणणें असें कीं, गाभणपणांत व दुभत्या काळांत शरीराचा उद्देशच बदलतो. पोषण आईच्या अंगावर न ठरतां वासराकडे, म्हणजे आधीं गर्भाकडे व मग कासेकडे, वळविलें जातें, आणि संप्रेरकें ही वांटणी करितात. आपल्या बायकांना हें शास्त्रावांचून ठाऊक आहे. बाळंतीण स्वतः वाळते व मूल अंग धरतें.

हेंच वृद्धि-संप्रेरक कारखान्यांत तयार करून दूध वाढविण्यासाठीं टोंचण्यास अमेरिकेनें १९९३ सालीं परवानगी दिली. युरोपीय देशांनीं व कानडानें ती दिली नाहीं. आमच्या मतें ज्या गोठ्यांत वैरणच पुरी पडत नाहीं, तेथें असल्या उपायाचा विचार करणें म्हणजे आटत्या विहिरीवर मोठा पंप बसविण्यासारखें आहे. पान्हा सोडविण्यासाठीं जें ऑक्सिटोसिन कांहीं लोक चोरून टोंचतात, त्याचा ह्या शक्तीच्या कारभाराशीं संबंध नाहीं; तें कासेंत तयार झालेलें दूध खालीं उतरवितें, नवें बनवीत नाहीं.

चरबी सुटी होते म्हणजे काय होतें, हेंहि पेशीच्या आंत डोकावून पाहण्यासारखें आहे. अंगावरील चरबी ही तीन मेदाम्लें एका ग्लिसरीनच्या गांठीला बांधलेली मोळी असते. मोळी सोडविणारें पाचक द्रव्य चरबीच्या पेशींतच असतें, पण इन्शुलिन भरपूर असेपर्यंत तें निजलेलें असतें. अधिवृक्क ग्रंथीचें अ‍ॅड्रिनलिन त्याला जागें करितें. अ‍ॅड्रिनलिन स्वतः पेशींत शिरत नाहीं. तें दारावर थाप मारतें, आणि आंत सायक्लिक एएमपी नांवाचा दुसरा निरोप्या उत्पन्न होतो. हा निरोप्या एका द्रव्याला जागें करितो, तें दुसऱ्याला, आणि दर पायरीस संख्या अनेक पटींनीं वाढत जाते. दारावरील एका थापेनें आंत हजारों कामगार उठतात. अर्ल सदरलंड ह्यानें यकृताच्या पेशींवर काम करतांना हा दुसरा निरोप्या शोधून काढिला, व त्याबद्दल त्याला १९७१ चें नोबेल पारितोषिक मिळालें. स्वादुपिंडाचेंच दुसरें संप्रेरक ग्लुकागॉन हेंहि याच रीतीनें यकृतावर हुकूम चालवितें: सांठविलेलें ग्लायकोजन मोडा, नवी शर्करा घडवा. एकाच ग्रंथींतून सांठविण्याचा व मोडण्याचा असे दोन उलट हुकूम निघतात, आणि त्यांतील कोणाचा आवाज चढा, ह्यावर त्या घटकेचा कारभार ठरतो.

अ‍ॅड्रिनलिनचा विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतों. धार काढतेवेळीं गाईला मारणें, ओरडणें, नवीन माणूस किंवा कुत्रें गोठ्यांत येऊं देणें ह्यांनीं तिच्या रक्तांत हेंच संप्रेरक उसळतें. त्यानें कासेंतील रक्तवाहिन्या आकुंचित होऊन पान्ह्याचें काम बिघडतें. गाय दूध चोरते असें आपण म्हणतों. चोरी तिची नसते.

सुटलेलीं मेदाम्लें रक्तांतून जातात. कांहीं कासेंत जाऊन दुधाचें लोणी वाढवितात. ह्यामुळें एक फसवणूक होते. व्याल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत डेअरीच्या चिठ्ठीवर फॅट एकाएकीं चढलेलें दिसतें आणि भावहि बरा मिळतो, म्हणून शेतकरी आनंदतो. पण त्याच वेळीं गाय झपाट्यानें रोडावत असेल व दुधांतील प्रथिनें उतरलेलीं असतील, तर तें लोणी पेंडीचें नसून गाईच्या पाठीवरचें आहे असें समजावें.

उरलेलीं मेदाम्लें यकृतांत येतात, आणि खरा पेंच तेथें पडतो. यकृताच्या पेशींतील चुलींच्या तोंडाशीं एक फाटक आहे. मेदाम्लांना आंत जाण्यास कार्निटीन नांवाच्या वाहकाची गरज लागते. इन्शुलिन जोरांत असतां शर्करेपासून तयार होणारें एक द्रव्य हें फाटक अडवून धरतें, म्हणजे घरांत धान्य भरपूर असतां पेंवाला हात लागत नाहीं. इन्शुलिन उतरलें कीं फाटक उघडतें व मेदाम्लांचा लोंढा चुलींत शिरतो. तेथें त्यांचे बारीक तुकडे होतात. हे तुकडे पुरते जळण्यास शर्करा-मार्गांतील एका द्रव्याचा, ऑक्झॅलोअ‍ॅसिटिक आम्लाचा, हात लागतो. पण तें द्रव्य तर यकृतानें शर्करा घडविण्याकडे ओढून घेतलेलें असतें, कारण कासेची मोट थांबत नाहीं! मग जळावयाचे राहिलेले तुकडे एकमेकांस जोडून यकृत कीटोन द्रव्यें बनवितें व रक्तांत सोडतें. त्यांपैकीं अ‍ॅसिटोन श्वासावाटें बाहेर पडतें. सुरुवातीस सांगितलेला गोडसर वास त्याचाच.

कीटोन हें मूळचें विष नव्हे. हृदय, स्नायु हे तें सरपण म्हणून वापरतात. उपासांत माणसाच्याहि अंगीं तें तयार होतें, आणि तेवढी शर्करा वांचते. व्यालेल्या प्रत्येक चांगल्या गाईच्या रक्तांत तें थोडें वाढतें. परंतु उत्पत्ति खपाबाहेर गेली म्हणजे भूक मरते. भूक मेली कीं प्रोपिऑनिक आम्ल कमी, म्हणून शर्करा कमी, म्हणून चरबी आणखी सुटावयाची, म्हणून कीटोन आणखी. हें चक्र एकदां फिरूं लागलें म्हणजे बाहेरून हात दिल्यावांचून सहसा थांबत नाहीं. उघड आजाराच्या पुष्कळ आधीं रक्तांत बीटा-हायड्रॉक्सी-ब्युटिरेट ह्या कीटोनाचें प्रमाण १.२ मिलिमोलच्या वर जातें. हें तपासण्याचीं लहान यंत्रें आतां पशुवैद्यांकडे मिळतात. लघवीची तपासणी त्याहून स्वस्त आहे. रोथेराच्या कसोटींत कीटोन असल्यास जांभळा रंग येतो.

मग सर्वच गाईंना हा विकार कां होत नाहीं? येथें आपल्याकडील एक समजूत आड येते. आटलेली गाभण गाय जितकी गुबगुबीत, तितकी ती पुढें दूध अधिक देईल, असें पुष्कळ लोक मानतात व शेवटच्या दोन महिन्यांत तिला भरमसाट खुराक घालतात. अनुभव उलट आहे. चरबीच्या पेशीहि नुसतें कोठार नसून एक संप्रेरक सोडतात. लेप्टिन हें त्याचें नांव, आणि तें न्यूयॉर्क येथें जेफ्री फ्रीडमन ह्यांच्या प्रयोगशाळेंत १९९४ सालीं शोधलें गेलें. कोठार भरलें आहे, आतां खाणें आवरा, असा निरोप तें मेंदूस देतें. फार लठ्ठ गाय व्याली म्हणजे तिची भूक आधींच मंद असते, तिच्या पेशी इन्शुलिनास कमी जुमानतात, आणि सुटण्यास चरबी मात्र अमाप असते. तिच्या यकृतांत चरबी सांचते. मेणचटलेलें यकृत शर्करा घडविण्यास असमर्थ होतें. अशा गाईपेक्षां मध्यम अंगाची गाय बरी. विताना गाईच्या शेवटच्या बरगड्यांवर हात दाबला असतां त्या बोटांना लागाव्या, पण दुरून नजरेस येऊं नयेत. पशुवैद्यांच्या एक ते पांच ह्या मोजणींत हें अंग तीन ते साडेतीन भरतें. आणि लठ्ठ गाभण गाईला शेवटच्या महिन्यांत उपाशी ठेवून उतरवूं नये. तसें केल्यास आजार विण्यापूर्वींच उभा राहतो. अंग सुधारावयाचें किंवा उतरवावयाचें तें आटविण्याच्या आधींच, दुधांत असतां.

विण्यापूर्वीं दोन-तीन आठवडे मात्र खुराकाची ओळख करून दिलीच पाहिजे. कोठीपोटांतील जंतु व त्याच्या अस्तरावरील बारीक बोंडें ह्यांना भरड्याची संवय लागण्यास आठवडे लागतात. विण्याच्या दिवसापर्यंत नुसत्या कडब्यावर ठेवलेल्या गाईला दुसऱ्या दिवशीं चार किलो भरडा घातल्यास पोट आंबतें व ती होतें तेंहि खाणें सोडते. थोड्यापासून आरंभ करून हळूहळू चढवावें, व व्याल्यावरहि तसेंच. दूध सहाव्या ते आठव्या आठवड्यांत शिखरास पोंचतें, पण भूक दहाव्या ते बाराव्या आठवड्यांपर्यंत पूर्ण येत नाहीं. मधल्या काळांतील तूट अंगावरूनच भरून निघावयाची. ती अगदीं शून्यावर आणणें शक्य नाहीं, लहान करणें शक्य आहे. ह्यासाठीं चारा कोंवळा व रुचकर असावा, गव्हाण रिकामी राहूं नये, पाणी चोवीस तास समोर असावें, आणि व्यालेल्या गाईला मारक्या गुरांजवळ बांधूं नये.

आतां गुळाविषयीं. व्यालेल्या गाईला गूळ घालून शिजविलेली बाजरी देण्याची आपली जुनी चाल आहे. थकलेल्या गाईला ऊन, मऊ व रुचकर असें कांहीं देणें ह्यांत गैर कांहीं नाहीं, आणि तीस-चाळीस वर्षांपूर्वींच्या चार लिटरांच्या गाईला तेवढें पुरेहि. परंतु गूळ म्हणजे शर्करा, म्हणून कीटोसिसवर गूळच गूळ चारावा, हा तर्क माणसाला लागू असला तरी गाईला लागू नाहीं. किलो-दोन किलो गूळ कोठीपोटांत गेला कीं जंतु त्याचें आम्ल करितात. त्यांत ब्युटिरिक आम्लाचा वांटा बराच असतो, आणि तें कोठीपोटाच्या अस्तरांतून जातांना कीटोनांतच पालटतें. म्हणजे ज्यासाठीं दिला त्याच्या उलट, आणि वर पोट आंबण्याचा धोका. मक्याचा भरडा ह्या कामीं गुळाहून बरा, कारण पिठूळ धान्यापासून प्रोपिऑनिक आम्ल अधिक निघतें. पण तोहि बेतानें.

उलट प्रोपिलीन ग्लायकॉल नांवाचें गोड, दाट द्रव पाजलें असतां त्याचा बराच भाग कोठीपोटांत न मोडतां यकृतांत पोंचतो व तेथें त्याची शर्करा होते. जो भाग जंतूंच्या हातीं लागतो त्याचें प्रोपिऑनिक आम्ल होतें, तेंहि उपयोगाचेंच. नेहमींची मात्रा दिवसाला २५० ते ३०० मिलिलिटर, तीन ते पांच दिवस, अशी आहे. पाजतांना गाईचें तोंड फार वर उचलूं नये व घाई करूं नये. द्रव श्वासनळींत गेल्यास फुप्फुसें बिघडतात, व असा आजार कीटोसिसहून वाईट. विकार वाढलेला असल्यास पशुवैद्य शिरेंतून द्राक्षशर्करेचें तीव्र द्रावण देतात. त्यानें रक्तांतील शर्करा झटकन चढते, इन्शुलिन जागें होतें, आणि चरबीच्या पेशींना मोळ्या सोडूं नका असा हुकूम जातो. परंतु हा परिणाम कांहीं तासांचाच असतो, म्हणून बाटली लावल्यावर गाय उठून खाऊं लागली तरी पाजण्याचें औषध लगेच बंद करूं नये. डेक्सामेथासोन हें अधिवृक्काच्या संप्रेरकासारखें औषधहि कधीं वापरतात. तें कासेकडे जाणारी शर्करा कांहीं काळ रोखून रक्तांत राखतें, त्यामुळें दूध थोडे दिवस कमी होतें. तें दुकानांतून आणून स्वतः टोंचूं नये, आणि गाभण गाईला तर मुळींच नाहीं, गाय गाभडते.

म्हशींत हा विकार संकरित गाईंच्या मानानें कमी आढळतो, पण भारी दुधाच्या म्हशींत तो होत नाहीं असें नाहीं. आणि म्हशीच्या दुधांत लोणी मुळांतच अधिक असल्यानें चिठ्ठीवरील फॅट पाहून तिच्या बाबतींत अंदाज लागत नाहीं. तेथें भूक व अंग ह्यांवरच लक्ष ठेवावें लागतें.

उन्हाळ्यांत वितात त्या गाईंची निराळी काळजी घ्यावी लागते. गळ्यांतील अवटु ग्रंथीचें थायरॉक्सिन पेशींतील सर्व चुलींचा जाळ एकंदरीनें वाढवितें. कडक उन्हांत शरीर हा जाळ मुद्दाम मंद करितें, कारण आंतली उष्णता बाहेर टाकणें त्याला जड जातें. आणि जाळ मंद करण्याचा पहिला उपाय म्हणजे खाणें कमी करणें. म्हणून चैत्र-वैशाखांत व्यालेल्या गाईपुढें दुपारीं टाकलेली वैरण तशीच राहते. ती पहांटे व रात्रीं टाकावी, आंबोण दोन वेळांऐवजीं तीन-चार वेळां थोडें थोडें द्यावें, आणि पहिले चाळीस दिवस तिनें किती सोडलें तें रोज सकाळीं गव्हाण झाडतांना पाहावें.